चवीचा धनी

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शाळेत असताना तो शेवटच्या बाकावर बसे आणि भूगोलाच्या तासाला नकाशाकडे न पाहता खिडकीतून खाडीकडे पाही. त्याबद्दल मी त्याला एकदोनदा वर्गाबाहेरही उभे केले होते. आता तो मालवाहू जहाजावर आहे आणि माझ्या नकाशातली निम्मी बंदरे त्याने पायांखाली घातली आहेत. मोरोक्कोच्या जोर्फ लस्फार बंदरात त्यांचे जहाज फॉस्फोरिक आम्ल भरायला जाते. ते आम्ल आपल्याकडे येते आणि त्याचे खत होते. म्हणजे आपल्या भाताच्या लोंबीत थोडाफार मोरोक्को आधीपासूनच असतो. हे त्याने मला सांगितले, मी त्याला नव्हे.

येताना त्याने तीन वस्तू आणल्या होत्या. एक मातीचे पसरट भांडे, वर विदूषकाच्या टोपीसारखे निमुळते झाकण. मिठात मुरलेल्या लिंबांची एक बरणी. आणि एका पुडीत मसाला. भांड्याचे नाव ताजीन, आणि त्यात जे शिजते त्याचेही नाव ताजीन. मसाल्याचे नाव रास-एल-हानूत. शब्दशः त्याचा अर्थ ‘दुकानाचे डोके’, म्हणजे दुकानात जे अव्वल असेल ते. जिन्नस पंधरा-वीस, कधी त्याहूनही अधिक, आणि प्रत्येक दुकानाचा मेळ निराळा. आपल्या गोड्या मसाल्याच्या कुळातला, पण जरा श्रीमंत माहेर असलेला.

मग त्याने तिकडच्या एका जेवणाची हकीगत सांगितली. अल जदीदा हे त्या बंदराजवळचे जुने शहर. बंदरावरच्या एका कारकुनाने त्याला शुक्रवारी आपल्या घरी जेवायला नेले. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर कुसकुस खायचा, हा तिकडचा परिपाठ. मध्ये एक मोठी परात आणि तिच्याभोवती सगळे. परात एकच, पण ज्याने त्याने आपल्या समोरच्या भागातलेच खायचे; हात लांब करून दुसऱ्याच्या बाजूचे ओढायचे नाही. मांस मधोमध असते. त्याला आपण होऊन हात लावायचा नाही. यजमान ते तोडतो आणि चांगला तुकडा पाहुण्याच्या बाजूला सारतो. परातीवर रेघ ओढलेली नसते, पण ती प्रत्येकाला दिसते. मला हे ऐकून फार बरे वाटले. आपल्या पंगतीत प्रत्येकाचे पान वेगळे असते, आणि तरीही शेजारच्याच्या पानातल्या जिलब्या मोजायची आपली सवय सुटत नाही.

“गुरुजी, असं जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो,” तो म्हणाला. “सगळ्यांनी यजमानाला दुवा दिला. मीही दिला. आणि जहाजावर परत येताना माझ्या लक्षात आलं, की ते रांधलं कोणी ते मला दिसलंच नाही. आतून बांगड्या वाजत होत्या तेवढंच.”

तो आपल्या गावी गेला, पण त्या बांगड्या माझ्या डोक्यात वाजत राहिल्या. चवीचा धनी कोण? ज्याच्या पैशाने जिन्नस आले तो, ज्याच्या घरात ते शिजले तो, की ज्या हाताने ते शिजवले तो हात? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञानातल्या मोठ्या नावांशी माझी ओळख लांबूनच. पण हा प्रश्न ग्रंथांतला नाही, रोज दोन वेळा पानावर येऊन बसणारा आहे. आपण जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. लहानपणापासून मी ते म्हणत आलो, आणि पन्नाशी जवळ आली तरी कधी विचार केला नाही, की हा आशीर्वाद कोणाला जातो. अन्न ‘देणारा’ सुखी होवो. करणारीचे काय? ती बहुधा तेव्हा आत तवा घासत असते.

कुसकुस म्हणजे काय ते मला आधी वाटले होते त्याहून फार वेगळे निघाले. आपल्या इथे आता तो डब्यात मिळतो. उकळते पाणी ओता, पाच मिनिटे झाका, झाले. मोरोक्कोतल्या घरी असे करणाऱ्याला काय म्हणत असतील, ते आपल्याकडे तयार पुरणाची पोळी लाटणाऱ्याला सासू काय म्हणते त्यावरून ताडावे. खरा कुसकुस हाताने वळतात. रुंद परातीत रवा पसरायचा, त्यावर मीठपाण्याचा हबका मारायचा, थोडे पीठ भुरभुरायचे आणि पसरलेल्या तळव्याने गोल गोल फिरवत राहायचे. रव्याचा कण पिठाचा अंगरखा घालून मोहरीएवढा होतो. मग चाळायचे, मोठे दाणे वेगळे, बारीक पुन्हा परातीत. त्यानंतर वाफ. खालच्या हंड्यात मांस, हरभरे आणि भाज्या शिजत असतात. लाल भोपळा, गाजर, सलगम, कोबी, असे करत सात भाज्यांचा कुसकुस हा नामांकित. त्या हंड्यावर भोकांचे भांडे बसवतात. दोन्हींच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून पिठाच्या खळीत बुडवलेली कापडाची पट्टी गुंडाळतात. एकदा वाफ आली की सगळे परातीत उपसायचे, गार पाणी शिंपडून चटके सोसत हाताने गुठळ्या मोडायच्या, आणि पुन्हा वाफेवर. असे दोनदा, चांगल्या घरी तीनदा. शेवटी स्मेन नावाचे मुरवलेले खारट लोणी चोळायचे. त्याचा वास आपल्या नाकाला जरा जड जातो. आपल्या घरातल्या जुन्या तुपाला बाहेरचे लोक काय म्हणत असतील, हा विचार मला त्या निमित्ताने पहिल्यांदा सुचला.

एका शनिवारी मी हा उद्योग घरी केला. आमच्या घरात मी स्वयंपाकघरात शिरणे हा सणासारखा क्वचित येणारा योग आहे, आणि सणासारखीच त्याची आवराआवर दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते. अर्धा किलो रवा घेतला. पहिल्या पंधरा मिनिटांत मजा वाटली. अर्ध्या तासाने मनगट बोलू लागले. तासाभराने खांदा. रवा काही ठिकाणी गोळा झाला, काही ठिकाणी कोरडाच राहिला. वाफवल्यावर जे झाले त्याला उपमा म्हणता आले असते, पण उपम्याचा अपमान कशाला करा. मुलगी जेवताना म्हणाली, “बाबा, चटणी आहे का?” ताजीनचे त्या मानाने बरे झाले, पण त्याचे श्रेय माझे नाही. मी ते मातीचे भांडे थेट गॅसवर चढवीत होतो. सौभाग्यवतीने न बोलता खाली लोखंडी तवा सरकवला, म्हणून ते तडकायचे वाचले. मंद आच, तळाला कांदा, त्यावर कोंबडी, आले, हळद, मिरी, केशराच्या दोन काड्या, आणि एवढेसे पाणी. वाफ झाकणाच्या उंच टोपीत चढते, गार होते आणि घळघळ परत खाली येते. शेवटी ऑलिव्ह आणि मिठातल्या लिंबाची साल. फोडणी नाही, तिखट नाही. घाई तर अजिबात नाही.

ती लिंबाची साल जिभेवर आली आणि मी जेवताजेवता थांबलो. ही चव माझ्या ओळखीची होती. ते माझ्या आत्याचे खारातले लिंबू होते.

आता या लिंबाविषयी एक जुनी गंमत सांगितली पाहिजे. इब्न बतूता हा प्रवासी मोरोक्कोतल्या तांजिर शहरचा. जन्म १३०४, घर सोडले १३२५ साली, आणि फिरत फिरत तो हिंदुस्थानात आला. आपल्या देवगिरीला, तेव्हाच्या दौलताबादला तो येऊन गेला आहे. कैऱ्या मिठात घालतात हे पाहून त्याने नोंद केली, की आमच्या देशी लिंबे जशी घालतात तशीच ही रीत. म्हणजे त्याने आपल्या लोणच्यात आपले घर पाहिले, आणि सातशे वर्षांनी मी त्याच्या लिंबात माझे. पण त्याच प्रवासवर्णनात होनावरच्या सुलतानाच्या जेवणाचे वर्णन आहे. सुलतानाचे नाव जमालुद्दीन, ते त्याने नीट लिहिले आहे. रेशमी वस्त्र गुंडाळलेली एक दासी येते, भांडी मांडते, तांब्याच्या मोठ्या पळीने भात वाढते, वर तूप, बाजूला मिरी, आले, लिंबू आणि आंबा यांची लोणची. पळी कोणत्या धातूची होती हे सातशे वर्षे टिकले. वाढणारीचे नाव एका ओळीचेही धनी झाले नाही.

आणि ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. मोरोक्कोच्या ज्या पाककलेची जगभर वाखाणणी होते ती मुख्यतः फेस, मराकेश, रबात, तेतुआन अशा शहरांतल्या बड्या घरांची. तिथला बस्तीला पाहा. वरका म्हणजे कागदासारखे पातळ पापुद्रे, ओल्या पिठाचा गोळा तापल्या भांड्याच्या पाठीवर टिपटिप टेकवून काढलेले. त्यांच्या घड्यांत कबुतराचे मांस, अंडी, बदाम, आणि वर साखर व दालचिनी. दिवसभराचे काम. हे काम त्या बड्या घरांत कोण करीत असे? ‘दादा’. आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, ओसरीवर बसून हुकूम सोडणारा. तिकडे दादा म्हणजे घरातली काळी स्वयंपाकीण, मुलांना अंगाखांद्यावर वाढवणारी. सहारा वाळवंटापलीकडून पळवून आणून विकलेली, किंवा अशा विकलेल्या बाईच्या पोटची. १९१२ साली मोरोक्कोवर फ्रेंचांचा अंमल बसला, पुढे माणसांचा उघडा बाजार बंद झाला. पण दाराआडच्या चुली काही एका फर्मानाने विझत नाहीत. फातिमा मर्निसी या विदुषींनी फेसमधल्या आपल्या बालपणावर १९९४ साली एक पुस्तक लिहिले. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीने, मांडीवर शब्दकोश घेऊन मी ते वाचले. त्यात मीना नावाची एक वृद्धा आहे, लहानपणीच घरापासून तोडून विकली गेलेली. लेखिकेने तिला नाव दिले, बोलू दिले. पुस्तक मिटले तरी ती बाई मिटत नाही.

अलीकडेही या प्रश्नाची मुळे तिथे वाळलेली नाहीत. श्रीमंतांच्या घरी कामाला ठेवलेल्या खेड्यातल्या पोरींसाठी मोरोक्कोला स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१६ साली झाला आणि २०१८ साली अमलात आला. आपण या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवण्याच्या जागी उभे नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग प्रश्न असा, की ज्या चवीच्या मुळाशी असे सक्तीचे हात आहेत, ती चव आपण आनंदाने घ्यावी का? माझा एक शिक्षक मित्र, फार तत्त्वनिष्ठ, म्हणाला, “घेऊ नये. ताजमहाल पाहायला मी गेलो नाही तो याचसाठी.” मला ते पटले नाही. त्या बायकांचे घर गेले, भाषा गेली, मुले गेली, नावही गेले. उरले एवढेच, की पापुद्रा किती पातळ असावा आणि दालचिनी कुठे थांबावी. तेही आपण तत्त्वाच्या नावाने टाकून दिले तर त्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकल्यासारखे होईल. पण उलट बाजूने मला स्वतःचाही संशय येतो. ‘मी जाणिवेने खातो हो’ असे म्हणत खाणे हा सुखवस्तू माणसाचा एक जास्तीचा मसालाच तर नव्हे? त्या जाणिवेने बदाम जास्त खमंग लागतात इतकेच?

काही लोक म्हणतात, पदार्थ कोणा एकाचा नसतोच, लोकांचा असतो. हेही अर्धेच खरे. २०२० साली युनेस्कोने कुसकुसला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून तो अर्ज केला होता. गंमत अशी, की मोरोक्को आणि अल्जीरिया यांची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे, आणि २०२१ साली तर राजनैतिक संबंधही तुटले. माणसे पलीकडे जाऊ शकत नाहीत, पण परात एकच आहे असे दोघांनी सही करून मान्य केले. मला हे वाचून आनंद झाला. पण मानपत्र मिळते ते देशांना. देशाला मनगट नसते.

आणि लोक तरी कोणते? मोरोक्कोच्या शहरांत गल्लीगल्लीला फेरान असे, म्हणजे सामाईक भट्टी. घरोघरची पोरे पीठ मळून केलेल्या भाकऱ्या फळीवर घेऊन तिथे पोचवीत. भट्टीवाला कोणती भाकरी कोणाची हे खुणेवरून ओळखी. शुक्रवारी संध्याकाळी तिथे ज्यूंच्या घरचे हंडेही येत. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून गहू, हरभरे, बटाटे, मांस आणि सालीसकट अंडी घालून हंडा भट्टीत रात्रभर ठेवायचा आणि शनिवारी दुपारी न्यायचा. या पदार्थाला स्खीना म्हणतात, म्हणजे ‘ऊनऊन’. १९४८ च्या सुमारास तिथे अडीच लाखांच्या आसपास ज्यू होते. आता काही हजार. ते इस्राएलला, फ्रान्सला, कॅनडाला गेले आणि हंडे बरोबर गेले. आमच्या कोकणातले बेने इस्राएली असेच गेले. इस्राएलच्या दिमोना गावात मोरोक्कोचे ज्यू आणि आपले मराठी बोलणारे शेजारी राहतात. ज्या गावातून माणसे गेली त्या गावाने तो पदार्थ आपला म्हणावा, की ज्या गावी ती गेली त्याने? भट्टीवाल्याला काय वाटले असेल, पहिल्या रिकाम्या शुक्रवारी?

पुरुषांचेही एक सांगितले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मराकेशमध्ये तंजिया नावाचा पदार्थ खास पुरुषांचा. उभट मडक्यात मांस, लसूण, जिरे, केशर, मिठातले लिंबू आणि स्मेन भरायचे, तोंडावर कागद बांधायचा आणि हमामखान्याच्या भट्टीत नेऊन द्यायचे. तिथला माणूस ते राखेत पुरतो आणि तासन् तास सांभाळतो. संध्याकाळी मडके घेऊन मंडळी बागेत जातात आणि ‘आमच्या हातचा तंजिया’ म्हणून एकमेकांची पाठ थोपटतात. वास्तविक हात भट्टीवाल्याचा. यात्रेच्या मटणाच्या वेळी आपले पुरुष डाव घेऊन उभे असतात, आणि आदल्या रात्री वाटण कोणी वाटले हे कोणी विचारीत नाही, त्याची मला आठवण झाली.

पण हे सगळे मी दूरदेशीचे सांगतो आहे, कारण जवळचे सांगणे कठीण आहे.

माझी आत्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी परत आली. त्यानंतर बावन्न वर्षे तिने आमच्या घरची चूल सांभाळली. तिला कोणी विकत आणले नव्हते, कोणी मारले नाही. वर्षाला दोन लुगडी आणि पुढे साड्या वेळेवर मिळत. ती घरचीच होती. एवढेच, की तिला कुठे जायला जागा नव्हती आणि हे आम्हां सर्वांना माहीत होते. गावात ‘नानांच्या घरची चकली’ प्रसिद्ध होती. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी सोऱ्या कधी हातात धरला नाही. दिवाळीत फराळाला आलेले लोक चकली मोडून तिच्या नळीत डोळा घालून पाहात आणि म्हणत, “वा नाना!” नाना हसून मान डोलवीत. आत्या दाराआडून ऐके. तिला त्याचे काही वाटत असेल असे मला कधी वाटले नाही, कारण मी कधी विचारले नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक विधवा बाई आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री ती एकटी चकल्या पाडीत बसते, असे एक प्रकरण आहे. त्यातले भाजणीचे भाजणे, मोहन चरचरले की पिठाचा येणारा वास, चकली तळताना बुडबुडे कमी होण्याची वाट पाहणे, हे सगळे आत्याचे. मी फक्त चुलीपाशी बसून ते ऐकले होते. ते प्रकरण लोकांना आवडले. एकाने तर लिहिले, की लेखकाच्या हाताला चव आहे. पुस्तक मी नानांना अर्पण केले.

आत्याने चष्मा लावून आठ दिवसांत ते वाचले. नंतर मला म्हणाली, “त्या बाईला शेवटी मारलीस होय रे?” मी म्हटले, “कथानकाची गरज होती.” ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग पुढे चकल्या कोण करायचं त्यांच्याकडे?” मी हसलो. ही हकीगत मी चार सभांत विनोद म्हणून सांगितली आहे. ती गेल्यावर पहिल्या दिवाळीला भाजणीचे प्रमाण कोणालाच ठाऊक नाही असे निघाले, तेव्हा तो विनोद नव्हता हे कळले.

मोरोक्कोत रफीसा नावाचा एक पदार्थ आहे. पापुद्र्याच्या पोळ्या कुस्करून त्यावर कोंबडी, मसूर, रास-एल-हानूत आणि भरपूर मेथी. हा बाळंतिणीचा. मेथीने दूध येते, अंग भरते, ही समजूत तिथेही आहे. आपल्याकडे मेथीचे नि डिंकाचे लाडू, तिकडे रफीसा. बाईच्या आयुष्यातले ते थोडे दिवस, की जेव्हा ती बसते आणि दुसरी तिच्यासाठी रांधते. हे वाचताना मला जे सुचले ते पूर्वी का सुचले नाही कोण जाणे. आमच्या आळीतल्या कितीतरी बाळंतिणींचे लाडू आत्याने वळले होते. तिच्यासाठी कोणी वळावेत असा प्रसंग तिच्या आयुष्यात आलाच नाही.

या सगळ्यावर मी घरी एक लहानसे व्याख्यान दिले. पदार्थाबरोबर करणाऱ्या हाताचे नाव घेतले गेले पाहिजे, असा माझा निष्कर्ष होता. सौभाग्यवती मेथी निवडीत होती. म्हणाली, “घ्या ना, जरूर नाव घ्या. पण त्या शनिवारी तुमच्या रव्याची परात कोणी घासली?” मुलगी हसली. मला राग आला, आणि राग आला यावरूनच ती बरोबर होती हे सिद्ध झाले. नाव घेणे हे माझ्यासारख्या लेखकाला स्वस्त पडते. शब्द हा माझा घरचा माल. त्या दुखऱ्या मनगटाने तासाभरात मला जे सांगितले ते बावन्न वर्षांच्या शेजाराने सांगितले नव्हते. म्हणून मला आता वाटते, की फेडायचेच असेल तर ज्या नाण्यात कर्ज घेतले त्याच नाण्यात फेडले पाहिजे. नाणे म्हणजे मनगट. आत्याच्या बाबतीत तीही सोय उरलेली नाही.

आणि नावाचेही वाटते तितके सोपे नाही. मी विद्यार्थ्याला लिहिले, की पुन्हा तिकडे गेलास तर त्या घरातल्या गृहिणीचे नाव विचारून घे. त्याचे उत्तर आले, “गुरुजी, पाहुण्याने घरच्या बाईचं नाव विचारणं तिकडे कसं दिसेल, याची मला धास्ती वाटते. तुम्ही सांगता म्हणून विचारीन, पण आपल्या गावात आजीच्या वेळी कोणी असं विचारलं असतं तर?” मला उत्तर सुचले नाही. त्या बाईला आपले नाव एका परक्या मास्तराच्या लेखात यावेसे वाटेल, हे मी कशावरून धरून चाललो होतो? आत्याचे नावही मी इथे लिहिलेले नाही. दोनदा लिहून खोडले. तिला ते आवडले असते की नाही, हे मला ठरवता येत नाही.

तोड शेवटी घरातच निघाली. तिकडे काम करणाऱ्याला ‘अल्ला तुला आरोग्य देवो’ अशा अर्थाचा दुवा देतात, हे मी वाचून दाखवले. सौभाग्यवती म्हणाली, “दुवा बाहेरच्या खोलीतच राहतो. डबा आत जातो.” विद्यार्थी भाद्रपदात पुन्हा बोटीवर चढायचा होता. चकल्या पाठवायच्या ठरल्या. भाजणी तिने अंदाजाने केली. सोऱ्या मी धरला. पहिला घाणा विरघळला, मोहन जास्त झाले. दुसरा तुटका निघाला. तिसऱ्यात नळी धरली. त्यातल्या त्यात अखंड अशा चाळीस निवडून स्टीलच्या डब्यात भरल्या, वर कागद घातला. कागदावर मुलीने विद्यार्थ्याला विचारून विचारून अरबी अक्षरांत तीन शब्द काढले: ‘आतल्या बाईंसाठी’. अक्षर फारच वाकडे आले आहे.

डबा रिकामा परत पाठवू नये, ही आपली रीत तिकडेही आहे का ते पाहायचे. आमचा अजून आलेला नाही.